कृपेचा हिशेब मागणारे
येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मालक पहाटे एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. दिवसभर आणखी माणसे घेत राहतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना रिकामे उभे असलेल्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर तोच एक दिनार पडतो आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरू लागतात. त्यांचा पैसा बुडालेला नाही. दुसऱ्यालाही तेवढेच मिळाले, हे त्यांना खुपते. ख्रिस्ती धर्मातली ‘कृपा’ समजून घ्यायची तर ही कुरकुर ऐकली पाहिजे. तारण कमावता येत नाही, ते देव देतो, हा या श्रद्धेचा गाभा. मग ‘आमच्याबाहेर कुणाचेही तारण नाही’ हा दावा त्या गाभ्यालाच सुरुंग लावतो, असे मला वाटते.

हा दावा जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तो मांडला, तेव्हा रोख मुख्यतः चर्चमध्ये फूट पाडणाऱ्यांवर होता. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने त्यात यहुदी आणि मूर्तिपूजकही ओढले. चर्चपासून तुटलेल्याने ख्रिस्तासाठी रक्त सांडले तरी ते व्यर्थ, इथवर मजल गेली. पण हे कुंपण रोमलाही निभावता आले नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये तारणाच्या वाटेवर बाप्तिस्म्याच्या इच्छेलाही स्थान दिले. चर्चबाहेर कृपा मिळतच नाही, हे विधान तर १७१३ मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी दोषी ठरवले. बोस्टनचे फादर लिओनार्ड फीनी जुना अर्थ शब्दशः धरून बसले; १९४९ मध्ये रोमने तो अर्थ नाकारला आणि पुढे आज्ञाभंगासाठी १९५३ मध्ये फीनींना बहिष्कृत केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्टच सांगितले : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

यावर खरा आक्षेप शास्त्रातूनच येतो. आपल्याद्वारे आल्याशिवाय कुणी पित्याकडे येत नाही, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. हे वचन बाजूला सारून चालणार नाही. पण तारणारा कोण, हे ते सांगते. तरणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असलेच पाहिजे, असे सांगत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशी भुकेल्याला जेवू घालणारे नीतिमान चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले? मात्र अशा, नकळत ख्रिस्ताची सेवा करणाऱ्या माणसाला कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांच्यासारखे ‘अनाम ख्रिस्ती’ म्हणणे मला पटत नाही. हिंदूला वा मुसलमानाला त्याच्या नकळत आपल्या वहीत लिहून घेणे, हाही हक्क सांगणेच झाले.

मग धर्मोपदेश कशाला, असे विचारले जाते. कुरकुर सोडूनही उपदेश करता येतो, हे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी दाखवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अखेरपर्यंत ख्रिस्ताविषयी बोलत, लिहीत राहिले आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, हेही सांगत राहिले. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोघेही ख्रिस्तभक्त त्या दरबारात बसू शकत होते.