पदवीचे कर्ज आणि परवान्याची वाट

दिवा-रोहे लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे छोटे स्थानक लागते. भाताची खाचरे आणि धाटावच्या रासायनिक वसाहतीतील किंवा नागोठण्याच्या कारखान्यातील पगार, हेच या टापूतील बहुतेक घरांचे आधार. अशा घरातील मुलीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पात्रतेपुरते गुण मिळाले, पण सरकारी महाविद्यालय हुकले, की घरात एक हिशेब सुरू होतो. देशातील खासगी महाविद्यालयाचे शुल्क ऐकून वडील गप्प होतात. मग रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे पुढे येतात आणि मध्यस्थाने सांगितलेला आकडा त्या मानाने आवाक्यातला वाटू लागतो.

या कुटुंबाला हौशी ठरवणे अन्यायाचे होईल. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाहूनही कमी. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, ही जिल्ह्याच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट खरी. परंतु तेथील शंभर जागांनी ही तहान भागणारी नाही. तेव्हा बाहेर जाणे हा अनेकांपुढचा एकमेव मार्ग असतो. प्रश्न एवढाच, की त्या मार्गाचा खरा खर्च किती आणि तो कोणी सोसावयाचा?

मध्यस्थाचा आकडा डॉलरमध्ये असतो, वडिलांची मिळकत रुपयांत. २०१९ साली एकाहत्तर रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशीवर गेला. वार्षिक शुल्क पाच हजार डॉलर धरले, तर पहिल्या वर्षी त्याचे सुमारे साडेतीन लाख रुपये होतात आणि सहाव्या वर्षी सव्वाचार लाख. विद्यापीठाने एक पैसाही न वाढवता शुल्क सत्तर हजारांनी वाढले. रुपयाच्या घसरणीपासून संरक्षण मिळवण्याचे उपाय मोठ्या आयातदाराला उपलब्ध असतात. निडीच्या कामगाराला ते कोण देणार?

दुसरी बाब व्याजाची. समजा, दरवर्षी पाच लाख याप्रमाणे सहा वर्षांत तीस लाखांचे कर्ज दहा टक्के दराने उचलले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून घर निश्चिंत राहते. व्याज मात्र थांबत नाही. सरळ व्याजानेच या सात वर्षांत साडेतेरा लाख साठतात आणि पहिल्या हप्त्याच्या दिवशी देणे साडेत्रेचाळीस लाखांचे झालेले असते.

त्या दिवशी ती मुलगी पदवीधर असते, पण डॉक्टर असतेच असे नाही. परदेशी पदवीधराला येथे व्यवसाय करण्यासाठी चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. जून २०२४ च्या परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण एकवीस टक्क्यांच्या आसपास होते. या टक्केवारीत पुनःपुन्हा बसणारेही मोजले जातात, म्हणून पाचांपैकी चौघे कायमचे नापास होतात असा तिचा अर्थ नव्हे. परंतु अनेकांची एक-दोन वर्षे येथे जातात, एवढे निश्चित. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील बारा महिन्यांच्या आंतरवासितेखेरीज भारतातही बारा महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. म्हणजे हप्ता बांधलेला आहे पदवीशी आणि कमाई बांधलेली आहे परवान्याशी. या दोहोंमधील अंतर वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीने भरून निघते, नाही तर जमिनीने.

जमिनीचाही तिढा आहेच. साडेसात लाखांवरील कर्जास बँका सामान्यतः स्थावर तारण मागतात. बुडीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२ च्या कायद्याने बँकांना दिलेले अधिकार शेतजमिनीला लागू नाहीत, त्यामुळे अशा तारणाविषयी बँका नाखूष असतात. त्यातून कोकणातील सातबारा म्हणजे चुलत्या-पुतण्यांच्या नावांची लांबलचक यादी! जी जमीन गहाण पडत नाही ती अखेर विकावी लागते. गहाण सोडवता येते. विकलेली जमीन परत येत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांना तेथील कार्पेंटरबाईंच्या घराचा आसरा मिळाला. रखमाबाईंच्या लंडनमधील वैद्यकीय शिक्षणाला लोकवर्गणीचा आधार होता. ते धाडस वैयक्तिक असले तरी त्याचा भार इतरांनीही उचलला होता. आज सारा भार एकाच घरावर पडतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळले तेव्हा सरकारने सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना मायदेशी आणले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. माणसे सुखरूप परतली, हे मोठेच काम झाले. त्यांच्यामागे घरोघरी उरलेल्या कर्जाचा प्रश्न मात्र घरांपुरताच राहिला.

‘ज्यांनी स्वेच्छेने धोका पत्करला त्यांचे ओझे करदात्याने का वाहावे?’ असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे; म्हणूनच येथे कर्जमाफीची मागणी नाही. मागणी आहे ती कर्जाचे वेळापत्रक वस्तुस्थितीशी जुळवण्याची. परतफेड पदवीपासून नव्हे, तर वैद्यक परिषदेतील नोंदणीपासून सुरू व्हावी. तिला वाजवी कमाल मुदत असावी. शिक्षणकर्जावरील व्याजाच्या अनुदानाची केंद्राची योजना देशांतर्गत शिक्षणापुरती आहे. ग्रामीण आरोग्यकेंद्रात ठराविक वर्षे काम करण्याचे बंधपत्र देणाऱ्या परदेशी पदवीधरालाही तिचा लाभ द्यावा. त्या अनुदानाच्या बदल्यात समाजाला डॉक्टर मिळेल. आणि चाळणी परीक्षेचे विद्यापीठवार निकाल मराठीतून, कर्जाच्या अर्जासोबतच, पालकांच्या हाती पडावेत.

या गोष्टी होईपर्यंत पालकांनी निदान हिशेब तरी सहा वर्षांचा न मांडता दहा वर्षांचा मांडावा. त्यात डॉलरची चढण धरावी, चाळणी परीक्षेची दोन वर्षे धरावीत, बिनपगारी दिवस धरावेत. एवढे करूनही आकडा पेलत असेल, तर मुलीला अवश्य पाठवावे. पेलत नसेल, तर तिला ते आजच सांगणे कठीण आहे; पण जमीन विकल्यानंतर सांगण्यापेक्षा ते खचितच सोपे आहे.