गाडी मालकाची, किल्ली कंपनीची

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. त्यांचा कच्चा माल आणणारा व पक्का माल नेणारा टेम्पो एक दिवस बंद पडला तर गाळ्यातील काम अडते. हा टेम्पो चालता ठेवणारा रस्त्याकडेचा मिस्त्री मात्र आपल्या चळवळीच्या हिशेबात कधी आलाच नाही. तो संघटित कामगार नाही आणि भांडवलदारही नाही. पान्यांची पेटी, एक-दोन हाताखालची पोरे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले ज्ञान एवढीच त्याची मालमत्ता. आज त्याच्या हातातून काम जात आहे. त्याची कारणे केवळ यंत्रशास्त्राची आहेत असे समजून कार्यकर्त्यांनी हा विषय बाजूला सारू नये.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषण-मर्यादा लागू झाली. या मर्यादेत बसण्यासाठी डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी फिल्टर चांगला तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. वालीवचा टेम्पो दोन-चार किलोमीटर जातो, माल उतरवतो, पुन्हा महामार्गाच्या कोंडीत उभा राहतो. त्याला सलग वेग मिळणार कुठून? फिल्टर तुंबतो, समोरच्या पट्टीवर दिवा लागतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की संगणक इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो. अशा वेळी गाडी उभी ठेवून फिल्टर मुद्दाम तापवून साफ करता येतो. पण तो आदेश पाना देत नाही, कंपनीच्या प्रणालीशी बोलणारे स्कॅनर देते. नवा इंजेक्टर बसवला तर त्याचा सांकेतिक क्रमांक इंजिनाच्या संगणकात नोंदवावा लागतो. बाजारात अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारी स्कॅनर यंत्रे मिळतात. त्यांतली साधी यंत्रे दोष वाचून दाखवतात, पण संगणकात बदल करू शकतीलच असे नाही. बिघाड काय आहे हे मिस्त्रीला समजते, तो कसा काढायचा हेही समजते, पण दार बंद असते.

टेम्पोमालकाची स्थिती याहून बिकट. गाडी कंपनीच्या सेवाकेंद्रात रांगेत उभी असताना वित्तसंस्थेचा हप्ता थांबत नाही. दुरुस्तीचे बिल हा त्याचा दृश्य तोटा. बुडालेल्या फेऱ्यांची नोंद कोणत्याच पावतीवर होत नसते.

यावर ‘स्वच्छ हवा हवी की जुना धूर?’ असा सवाल टाकला जातो. हा सवालच फसवा आहे. धूर कमी झालाच पाहिजे. तो सर्वांत जास्त गिळतो तो रस्त्यावर काम करणारा माणूसच. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ती गाडी कोणताही मिस्त्री कुठेही उघडू शकत असे, हे खरे. पण तिच्या धुराचे कौतुक करण्याचे कारण नाही. फिल्टर हवा हा कायद्याचा आदेश आहे. त्या फिल्टरची दुरुस्ती फक्त आमच्याच दारात व्हावी, हा मात्र कंपनीचा व्यवहार आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन बाजारपेठा आहेत. गाडी विकत घेताना ग्राहकापुढे दहा कंपन्या असतात. एकदा घेतली की सुटे भाग आणि दुरुस्ती यांपुरता तो एकाच कंपनीचा बांधील होतो, आणि पहिल्या बाजारातील स्पर्धा त्याला दुसऱ्या बाजारात वाचवू शकत नाही. ही केवळ डाव्यांची तक्रार नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमका हाच निष्कर्ष काढून चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्या, असा आदेशही दिला. बौद्धिक संपदेची सबब आयोगाने मान्य केली नाही. पुढे प्रकरण अपिलात गेले आणि वर्षे लोटली. खाजगी मालमत्तेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्या व्यवस्थेत टेम्पोवाल्याची मालमत्ता मात्र अशी अर्धवट पवित्र असते!

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ उघडले. मोटारी व शेतीची अवजारे या दोन्हींचा त्यात समावेश आहे. संकेतस्थळावरील माहितीने कंपनीवर बंधन येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीसाठी कायदा केला. गाडीतील माहिती बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाऊ लागल्यावर २०२० मध्ये तेथील मतदारांनी सार्वमताने त्या कायद्याची व्याप्ती वाढवली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मागता येते, ते आपल्या विधिमंडळात व संसदेत मागायला संकोच का वाटावा?

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. त्याचा अर्थ आपण बहुधा यंत्राच्या आकारापुरता घेतला. माझ्या मते यंत्र कोणाला उघडता येते, हा त्यातला आजचा प्रश्न आहे. एस. टी.ची स्वतःची दापोडीसारखी कार्यशाळा आहे, जेथे बसगाड्यांची बांधणी झाली. आता महामंडळ विजेच्या बसगाड्या भाड्याने घेते, आणि त्यांची देखभाल पुरवठादाराकडे राहते. मग सार्वजनिक कार्यशाळेतील कारागिराचीही गत वालीवच्या मिस्त्रीसारखी होणार नाही काय?

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. निदानाची साधने, संगणकाच्या आज्ञावली आणि दुरुस्तीपुस्तिका वाजवी दरात कोणत्याही गॅरेजला मिळाव्यात. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून हमी रद्द होऊ नये. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना हीच साधने कंपन्यांनी पुरवावीत, आणि गॅरेजमध्ये घडलेल्या मिस्त्रीलाही तेथे संध्याकाळच्या वर्गात बसता यावे. पक्षाच्या वसई शाखेने वालीवपासून सुरुवात करावी : प्रत्येक टेम्पोमालकाकडून गाडी किती दिवस उभी राहिली, कोणत्या बिघाडासाठी, आणि बिल किती झाले, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पुढच्या निवेदनाला हीच वही जोडावी.