खांद्यासाठी दोन मिनिटे

भैरवगढचे नाव निघाले की उज्जैनकरांना कालभैरव, सिद्धवट आणि तेथील छपाईची वस्त्रे आठवतात. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर टेकवायचा, वरून मुठीने ठोकायचा आणि रंगवलेले ओले, जड कापड दोरीवर वाळत घालायचे. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांचे खांदे दुखले तर नवल नाही.

काही वर्षांपूर्वी तेथील एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. बाळाला टेबलावर निजविल्यावर त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून बाजूला घेतला. दोरीवर कापड टाकताना झटका बसला, तेव्हापासून हात वर जात नाही, असे त्या सहज म्हणाल्या. "वयोमानाने खांदा आखडला असेल, शेक घ्या," असे सांगून मी बाळाकडे वळलो. सहा महिन्यांनी कळले, की कंडरा पूर्ण तुटून आत ओढली गेली होती आणि ती जोडण्याची योग्य वेळ निघून गेली होती. लहान मुलांत ही इजा विरळा. त्यांची कंडरा हाडाच्या वाढीच्या पट्टीपेक्षा बळकट असते. पण माझ्या चुकीला हे निमित्त पुरेसे नाही.

खांद्याची खोबण उथळ असते. चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाचे डोके तिच्यात सांभाळून धरतात. हाच रोटेटर कफ. त्यांतील वरची, सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वांत अधिक वेळा फाटते.

ती ओळखण्याची सुरुवात हातानेच होते. आखडलेला खांदा रुग्णाने हलविला काय किंवा आपण हलविला काय, अडतोच. कंडरा फाटली असेल तर रुग्णाला हात उचलवत नाही, पण आपण आधार देऊन उचलला तर तो बहुधा वर जातो. नंतर कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर वळविण्याची आणि पाठीवर ठेवलेला हात मागे उचलण्याची ताकद पाहावी. कोणतीही एक चाचणी निर्णायक नसते. सर्व मिळून अर्थ लावायचा असतो.

एक्स-रेत कंडरा दिसत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये दिसते. परंतु साठीनंतर मुळीच न दुखणाऱ्या कित्येक खांद्यांतही फाट आढळते. म्हणून तपासणीवाचून काढलेले चित्र दिशाभूल करू शकते. झिजेने झालेल्या फाटीत व्यायामाने अनेकांना आराम पडतो. मात्र इजेनंतर एकाएकी ताकद गेली असेल, तर महिनोन्‌महिने शेकत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठविले पाहिजे.

माझ्या मते ही दोन मिनिटांची तपासणी केवळ अस्थिरोगतज्ज्ञांची नव्हे, आपणा सर्वांची जबाबदारी आहे. बाळाला कडेवर घेऊन येणारा हातही आपण पाहिला पाहिजे.