अठ्ठेचाळीस मतांचा धडा

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलेली सुशिक्षित मुंबई पाचच महिन्यांनी मतदान केंद्रावर मात्र दिसली नाही. ३० एप्रिल २००९, गुरुवार. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार! मतदान झाले जेमतेम ४१ टक्के. संताप मेणबत्तीबरोबरच विझला काय?

पुढे टक्का वाढला, हे खरे. तरीही २० मे २०२४ रोजी, अंधेरी ज्यात येते त्या वायव्य मुंबईत सुमारे ४५ टक्के मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत. तेथे रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांच्यावर मात केली, ती अवघ्या ४८ मतांनी! एखाद्या मध्यम गृहनिर्माण संस्थेतही याहून अधिक मतदार असतात.

ऊन कडक होते, रांगा लांब होत्या, ही तक्रार खोटी नाही. परंतु त्याच उन्हात, त्याच रांगेत हातावर पोट असलेला कष्टकरी उभा राहतोच ना? राजकारण नासले म्हणून दिवाणखान्यात हळहळणाऱ्यांना मग तक्रारीचा अधिकार कोणता?

मतदार यादीतील आपले व शेजाऱ्याचे नाव आजच तपासावे. आणि ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे विचारणाऱ्यास एवढेच उत्तर द्यावे : अठ्ठेचाळीस!