थांबून राहण्याचे श्रम

काशीत केदार घाट आणि दशाश्वमेध घाट यांच्या दरम्यान अमृतराव घाट आहे. तेथील लोक त्याला राजाघाट म्हणतात. रघुनाथरावांचा दत्तक पुत्र अमृतराव याने १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार करून पेशवाईच्या राजकारणातून अंग काढून घेतले आणि त्याबद्दल लक्षावधी रुपयांचे पेन्शन पत्करले. नुसते स्वस्थ बसण्याचे एवढे दाम मराठ्यांच्या इतिहासात त्याच्याशिवाय कोणाला मिळाले असतील, तर ते १८१८ नंतर ब्रह्मावर्तास आठ लाखांवर जाऊन बसलेल्या दुसऱ्या बाजीरावाला.

त्याच घाटाच्या पायऱ्यांवर आज उजाडण्यापूर्वी मल्लाह येऊन बसतो. गिऱ्हाईक येईल तेव्हा नाव सोडायची, तोवर बसून राहायचे. नाव दुसऱ्याच्या मालकीची असेल तर मिळकतीतला हिस्साच त्याच्या वाट्याला येतो, आणि पुराच्या दिवसांत प्रशासनाने नौकाबंदी केली की तोही बंद होतो. त्याच्या बसण्याला दाम नाही. पौष महिन्यात गंगेवर धुके उतरते तेव्हा त्याची नाव थांबते. त्याच धुक्यामुळे सुमारे पंचवीस किलोमीटरवरील बाबतपूर विमानतळावर विमानही थांबते. मग आणखी कोणाचे तरी थांबणे सुरू होते, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

धुक्याने विमान चार तास अडकले की ते नेणाऱ्या वैमानिकाचे कामाचे तास भरतात. कायद्याने तो पुढे उड्डाण करू शकत नाही. अशा वेळी विमान कंपनीला दुसरा वैमानिक हवा असतो, ताबडतोब, गणवेशात आणि झोप झालेला. हा दुसरा वैमानिक म्हणजे ‘स्टँडबाय’वरचा वैमानिक. तो घरी असतो, पण घरचा नसतो. फोन वाजला की ठराविक वेळात विमानतळावर हजर होणे त्याला बंधनकारक असते. म्हणून त्या दिवशी तो मुलाला घेऊन गावाबाहेर जाऊ शकत नाही, म्हाताऱ्या आईच्या तपासणीची वेळ घेऊ शकत नाही, लग्नाच्या पंगतीला बसला तरी बॅग गाडीत भरूनच बसतो. मद्याचा थेंब त्याला वर्ज्य असतो. संध्याकाळपर्यंत फोन आलाच नाही तर त्याचा दिवस कोरडा गेला असे हिशेब सांगतो. घरातली माणसे तसे म्हणणार नाहीत. घरी बसून केलेल्या या पहाऱ्यातला काही हिस्साच कामाच्या वेळेत धरला जातो. उरलेला हिस्सा त्याच्या कुटुंबाने कंपनीला फुकट दिलेला असतो.

लठ्ठ पगार घेणाऱ्या वैमानिकाची कैवारी भूमिका कामगार चळवळीने कशाला घ्यावी, असा प्रश्न काहींच्या ओठांवर येईल. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु पगाराचा आकडा हा वर्ग ठरविण्याचा निकष नव्हे. उत्पादनाची साधने कोणाच्या हातात आहेत आणि वेळेवर हुकमत कोणाची, हे पाहावे लागते. विमान वैमानिकाच्या मालकीचे नाही, वेळापत्रक त्याच्या मर्जीचे नाही आणि नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये, तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वैमानिक हा कामगारच ठरतो, असा निर्णय दिला. न्यायालयाला जे दिसले ते कार्यकर्त्यांना दिसू नये, हे ठीक नाही.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याकडे निघण्याच्या तयारीत असलेला एक चाळिशीचा वैमानिक विमानात चढण्याच्या दाराजवळच कोसळला आणि मरण पावला. आदल्या दिवशी पहाटे त्याने तिरुअनंतपुरमहून पुणेमार्गे नागपूर असे उड्डाण केले होते. त्यानंतर नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळाली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. मृत्यूचे कारण ठरविणे हे वैद्यकाचे काम आहे. येथे ते ठरविण्याचा आव आणण्याचे प्रयोजन नाही. मात्र ‘नियमाप्रमाणे पुरेशी’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण वाद त्या नियमाचाच होता.

वैमानिकांच्या संघटना या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. ‘रात्र’ पहाटे पाचला संपत होती ती सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या कामात सहापर्यंत विमाने उतरविण्याची मुभा होती ती दोनवर आली. १ जून २०२४ ही अंमलबजावणीची तारीख होती. कंपन्यांनी ओरड केली आणि तारीख पुढे गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. याचा अर्थ असा की मालकांना तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली.

तयारी काय झाली ते डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. देशांतर्गत प्रवासी वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा हाती असलेल्या इंडिगो कंपनीकडे नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिकच नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. प्रवासी विमानतळांच्या फरशीवर झोपले. आणि शासनाने काय केले? त्याच दिवशी रात्रीच्या कामाविषयीच्या नियमांतून या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. माणसे कमी नेमली मालकाने, आणि झोप कापली गेली वैमानिकाची. पुढे कंपनीची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश निघाला हे खरे, पण तोवर मक्तेदारीने आपले वजन दाखवून दिले होते.

झोपेचा हिशेब चुकला तर काय होते याचे उत्तर मंगळूरच्या टेकडीवर लिहिलेले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान तेथे धावपट्टीपलीकडे कोसळले आणि १५८ माणसे मेली. सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्याचे वारंवार सुचवूनही कमांडरने ते चालू ठेवले, हे चौकशी न्यायालयाने मुख्य कारण मानले. त्याच्याच जोडीला, कमांडर वाटेत दीर्घकाळ झोपला होता आणि त्या झोपेची गुंगी निर्णयावर राहिली, असेही नोंदवले.

यात नवे काही नाही. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाची चर्चा करताना लंडनच्या एका चौकशीत उभे राहिलेले तीन रेल्वे कामगार वाचकांपुढे आणले आहेत : एक गार्ड, एक इंजिन ड्रायव्हर आणि एक सिग्नलवाला. शेकडो प्रवासी मेले होते आणि दोष या तिघांवर होता. आठ तासांचे काम वाढत वाढत वीस तासांवर आणि सुटीच्या गर्दीत सलग चाळीस-पन्नास तासांवर गेले होते, हे त्यांचे सांगणे होते.

आपल्याकडचा रेल्वे कायदा तर थांबण्याला चक्क बेकारी समजतो. १९८९ च्या कायद्यानुसार ज्याच्या कामात निम्मा किंवा अधिक वेळ ‘निष्क्रियते’चा असेल त्याला आठवड्यास ७५ तासांपर्यंत राबविता येते, सलग काम करणाऱ्यासाठी ती मर्यादा सरासरी ५४ तासांची आहे. आडबाजूच्या फाटकावर गाडीची वाट पाहत बसलेला फाटकवाला जणू स्वतःच्या सुखासाठीच तेथे बसलेला असतो! १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपामागे गाडी चालविणाऱ्यांच्या कामाच्या तासांचा जो असंतोष साचला होता, त्याची मुळे याच हिशेबात होती.

युरोपात हा हिशेब थोडा बदलला आहे. बेल्जियममधील निव्हेल येथील एका अग्निशामकाला बोलावणे आल्यावर आठ मिनिटांत हजर व्हावे लागे. अशा बंधनात घरी काढलेला वेळ हा कामाचाच वेळ होय, असा निवाडा युरोपीय न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला. त्याचे वेतन किती, हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविले. तेवढ्यापुरता तो निवाडा अर्धाच म्हटला पाहिजे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. याचा अभिमान सरकारी समारंभांत सांगितला जातो. पण पहाटे तीनला फोन आल्यावर तान्हे मूल कोणाच्या हाती द्यायचे, याची तरतूद कोणत्याही वेळापत्रकात नसते. ते काम एखादी आजी करते, किंवा दरमहा थोडक्या पैशांवर रात्री मुक्कामाला राहणारी दुसरी बाई करते, जिचे स्वतःचे मूल तिच्या वस्तीत शेजारणीकडे झोपलेले असते. स्टँडबायची ही साखळी विमानतळावर संपत नाही. ती खाली उतरत जाते आणि प्रत्येक पायरीवर दाम कमी होत जातात.

म्हणून वैमानिकांच्या संघटनांनी घरच्या स्टँडबायचा प्रत्येक तास कामाच्या तासांत धरण्याची आणि वेळापत्रक पुरेसे आधी हाती देऊन ते परस्पर न बदलण्याची मागणी लावून धरली पाहिजे, आणि अन्य कामगार संघटनांनी ती ‘वरच्या लोकांची’ म्हणून बाजूला सारू नये. रेल्वेचा फाटकवाला, रुग्णालयातील निवासी डॉक्टर, मोबाइलवर ऑर्डरची वाट पाहत रस्त्याकडेला उभा असलेला डिलिव्हरीवाला, यांची मागणी शब्दाशब्दाने तीच आहे. अमृतराव घाटावरच्या नाविकापाशी तर ती मागण्यासाठी मालकाचा पत्ताही नाही; जानेवारी २०२३ मध्ये त्याच पात्रातून गंगाविलास ही आलिशान नौका सोडण्यात आली, तेव्हा तो आपल्या नावेत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत होता.