पुढचा धडा कधी घ्यायचा?

नेदरलँड्समध्ये वाढला असाल, तर पोहण्याचा 'ए डिप्लोमा' तुम्हाला माहीत असेल. कपडे घालून पोहायचं. पाण्याखालून ३ मीटर जाऊन पडद्याच्या भोकातून पलीकडे निघायचं. जमलं, की 'बी'. तिथे ३ चे ६ मीटर होतात आणि 'सी'ला ९. 'ए' मिळाला म्हणजे पोहण्यात पटाईत झालो, असं नाही. पण पुढे जायला तेवढं पुरतं.

घरी गिटार शिकताना मात्र "आता पुढे जा" असं सांगणारं कोणी नसतं. मग काहीजण एकाच गाण्यावर महिनोन्‌महिने अडकतात. काहीजण दर आठवड्याला नवं गाणं धरतात आणि एकही पूर्ण वाजवत नाहीत. शेवटी दोघंही कंटाळतात आणि गिटार कोपऱ्यात धूळ खाते.

मला वाटतं, आपली परीक्षा आपणच घ्यावी. पायाने हळू ठेका धरा. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना ठेका थांबला नाही, तर पुढे जा. एखादी तार नीट वाजली नाही, तरी चालेल. ठेका थांबतोय? मग वेग आणखी कमी करा.

आणि ती अवघड एफ कॉर्ड? तिच्यात एकच बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. ती चटकन येत नाही. तिला रोज पाच मिनिटं द्या, पण तिच्यासाठी अडून बसू नका.

पुढे जाणं म्हणजे मागचं सोडणं नव्हे. नव्या गाण्यात जी आणि सी पुन्हा भेटतातच!