शिकारवहीत न उतरलेली बदके

१/
पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचे पाणी अखेरीस एकाच ठिकाणी पोहोचते. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते आणि मुळा-मुठेतून भीमेत जाते; चाकणच्या बाजूची इंद्रायणी आणि भामा याही भीमेच्याच. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते आणि हिवाळ्यात तिथे भिगवणच्या काठावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. याच पाण्याच्या वाटेवर, दापोडीच्या पलीकडे खडकीत, १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. लष्करी काडतुसांबरोबर १२ बोअरच्या बंदुकीची काडतुसेही तिथे बनत आली आहेत.

२/
बदकांच्या शिकारीवर लिहिताना आपले इतिहासप्रेमी एक गोष्ट सर्रास करतात : शिकारवहीतला आकडा उचलतात आणि 'इतके पक्षी मारले' असे लिहून मोकळे होतात. हे अपुरे वाचन आहे. शिकारवहीत हाती लागलेला पक्षी नोंदला जातो. छरा लागलेला प्रत्येक पक्षी नाही. या दोहोंतले अंतर कशामुळे पडते हे समजून घ्यायचे, तर बंदुकीच्या तोंडाशी असलेली एक बारीकशी अरुंदी समजून घ्यावी लागते. तिला 'चोक' म्हणतात.

३/
१२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात बसेल अशी नळी. व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. काडतुसातून दोन-तीनशे छरे सुटतात आणि दूर जाताना पसरत जातात. नळीचे तोंड किंचित आवळले की पसरण्याचा वेग मंदावतो. पूर्ण चोक म्हणजे साधारण एक मिलिमीटरची आवळ. पाव, अर्धा, पाऊण हे त्याच हिशेबाने. भोसरी-चाकणच्या शॉपवर बोअर गेज हाताळणाऱ्याला हे सांगायला नको की, मिलिमीटरच्या चतुर्थांशाने काय काय बिघडते.

४/
मोजण्याची पद्धत अशी : ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छरे पडले? चोक नसलेल्या सरळ नळीतून शेकडा ४०, अर्ध्या चोकमधून ६०, पूर्ण चोकमधून ७०.

५/
१८६६ साली न्यूकॅसलच्या विल्यम पेप यांनी चोकचे पेटंट घेतले. पण १८७४ नंतर बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी हे तंत्र खरे गाजवले. लांबचा पक्षी टिपता येतो म्हटल्यावर पूर्ण चोकची जणू साथच आली.

६/
इथे निवडीचा प्रश्न उभा राहतो आणि इतिहासकाराचे लक्ष हवे ते इथेच. पूर्ण चोक २० यार्डांवर जेमतेम १६ इंचांचा घोस देतो. जवळून उडालेले बदक एकतर पार चुकते, नाहीतर खाण्यालायक राहत नाही. उलट सरळ नळीने ४५-५० यार्डांवर बार टाकला की छरे इतके विरळ होतात की पक्ष्याला एखाद-दुसराच लागतो. बदक दणकट पाखरू, दाट पिसांचे. एका छऱ्याने ते लगेच पडत नाही. उडत जाते, पाणकणसांत शिरते, दुसऱ्या दिवशी मरते. ते कोणत्याही वहीत नसते.

७/
म्हणून जाणते शिकारी दुनळीच्या दोन नळ्या वेगवेगळ्या राखत : उजवी मोकळी, डावी आवळ. पाण्यावरून उठून दूर जाणाऱ्या थव्यावर आधी उजवी, मग डावी. अंगावर येणाऱ्या थव्यावर हा क्रम उलटा. दोन घोडे असण्याचा फायदा हाच. पण हे जाणत्यांचे झाले. पाहुणा म्हणून आलेला, पहाटेच्या अंधुक उजेडात अंतराचा अंदाज चुकणारा साहेब हा विचार करीत होता, असे मानायला आधार नाही.

८/
आता भरतपूरचा प्रसिद्ध आकडा पाहावा. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची मेजवानी, एका दिवसात ४,२७३ पक्षी. केवलादेवच्या दगडावर तो कोरलेला आहे. तो वाचून हळहळणारे पुष्कळ; तो कमी आहे, असे म्हणणारे थोडे. हा उचललेल्या पक्ष्यांचा आकडा आहे. जखमी होऊन निसटलेल्या पक्ष्यांचे प्रमाण पुढे अमेरिकेत स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाले. आपल्याकडच्या दगडांना तो रकाना नाही.

९/
शिवाय पाण्यात पडलेले शिसे. बदके दळणासाठी खडे गिळतात, तसे छरेही गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ सालीच हे लिहिले होते. तिथे पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे देशभर बंद व्हायला १९९१ उजाडले. त्याऐवजी पोलादी छरे आले. ते कठीण असल्याने घोस आवळलेलाच राहतो, म्हणून चोक मोकळा निवडावा लागतो. जुन्या पूर्ण चोकमधून ते झाडले तर नळी फुगण्याचा धोका.

१०/
शिकाऱ्यांच्या बाजूने जे म्हणता येते, तेही म्हटले पाहिजे. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारी पक्ष्यांवरचे तीन खंड (१८७९-८१) किंवा स्टुअर्ट बेकर यांचा बदकांवरचा ग्रंथ (१९०८) नसता, तर आपल्याकडची जुनी पक्षिनोंद फार तोकडी राहिली असती. नोंदी मोलाच्या आहेतच. पण त्यांतली संख्या ही तळाची रेघ धरावी, छप्पर नव्हे. आणि एक बाब जाता जाता : फासेपारध्याच्या फाशात सापडलेला पक्षी हातीच येतो, जखमी होऊन दूर कुठे मरत नाही. तरी वसाहतकाळात गुन्हेगारीचा शिक्का पारध्यांवर बसला आणि 'खिलाडू' ही पदवी बंदूकवाल्याला मिळाली.

११/
भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही परवान्याने शिकारीची सोय उरली होती. ती १९९१च्या दुरुस्तीने संपली. म्हणजे एकाच वर्षी अमेरिकेने छरा बदलला आणि भारताने बार बंद केला. दोहोंत भारताचा निर्णय अधिक धाडसी होता. त्याचे श्रेय आपल्या इतिहासलेखनात फारसे कुणाला दिले जात नाही, हे नवल.

१२/
जुन्या वाड्यांतल्या दुनळ्या आज संग्रहालयांत आहेत, काही पोलीस ठाण्यांत जमा आहेत. प्रदर्शनात त्यांच्या दस्त्यावरचे नक्षीकाम आणि मालकाचे नाव तेवढे लिहिलेले असते. नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के पाहावेत. इंग्लंडमध्ये १८७५ ते १८८७ या काळात तपासलेल्या चोकच्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' असा ठसा असतो, म्हणजे यातून अखंड गोळी झाडू नये. त्यानंतरच्या नळीवर नुसता 'चोक'. शिक्का बंदुकीचा काळ सांगतो. तोंडाचे माप ती किती अंतरावरच्या पक्ष्यासाठी घडवली होती ते सांगते. पिंपरी-चिंचवडमध्ये मायक्रॉनपर्यंत मोजणारे हात हजारोंनी आहेत. संग्रहालयाने आणि कायद्याने परवानगी दिली, तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ही मापे घेणे एका दुपारचे काम आहे. दोन्ही नळ्यांचा व्यास, दोन्ही तोंडांचा व्यास, शिक्के. मग त्या घराण्याची शिकारवही उघडावी.